दोन सुरांचे धनी

लग्नाच्या वरातीत सगळ्यांत मोठं वाद्य ज्याच्या अंगावर असतं, त्याची दखल सगळ्यांत कमी घेतली जाते. क्लॅरिनेटवाला हा मास्टर, त्याच्यावरून नोटा ओवाळल्या जातात. ट्रम्पेटवाल्याला फर्माइशी येतात. ढोलवाला तर दहा मिनिटांपुरता नवरदेवाच्या मामाचा जिवलग मित्र होऊन जातो. आणि मागच्या रांगेत पितळेचं वेटोळं अंगात अडकवून, डोक्यावर दोन फूट रुंदीचं तोंड उघडं ठेवून, जो गृहस्थ ‘भूं-भप्, भूं-भप्’ करत चाललेला असतो, त्याच्याकडे लोक दोनच कारणांनी बघतात. एक, लहान मुलाला दाखवायला. दोन, तो आपल्या उभ्या स्कूटरला घासून तर जात नाही ना, एवढं बघायला.

या वाद्याचं रीतसर नाव ट्यूबा. अंगाभोवती गुंडाळायचा जो प्रकार तो सूझाफोन. आमच्या उज्जैनीत दोघांनाही भोंपू म्हणतात. वाजवणारा मात्र स्वतःची ओळख करून देताना भोंपू हा शब्द चुकूनही उच्चारत नाही. ‘आपण बेस वाजवतो,’ असं तो सांगतो, आणि ते सांगताना त्याचा स्वतःचा आवाजही थोडा खाली उतरतो.

बेस वाजवणाऱ्याला गाण्यात जागा नसतात. दोन क्लॅरिनेटवाले भेटले की गाण्यांबद्दल बोलतात, अमक्या अंतऱ्यातली मुरकी मी कशी काढली हे तोंडानं म्हणून दाखवतात. बेसवाला काय म्हणून दाखवणार? ‘भूं’ आणि त्यानंतर ‘भप्’. गाणं कुठलंही असो, त्याच्या वाट्याला आलेले सूर दोन, फार झालं तर तीन. चाल वाट्याला आली नाही की माणूस सामानाकडे वळतो. म्हणून दोन भोंपूवाले भेटले की नळी किती फूट, पिस्टन किती, पत्रा कुठला, वजन किती, तेल कुठलं, मिशी ठेवावी की काढावी, असं सुरू होतं आणि त्याला अंत नसतो. पुण्यात स्कूटरच्या अ‍ॅव्हरेजवर जे प्रेम केलं जातं, ते इथं नळीच्या लांबीवर केलं जातं.

ही चर्चा ऐकायची तर बँड थांबलेला हवा. वरातीत तो थांबत नाही, कारण थांबला की मामा पैसे परत मागतो. बँड हुकमी थांबतो तो महाकालाच्या सवारीत.

उज्जैनबाहेरच्या मराठी वाचकाला ही सवारी समजावून सांगायला हवी, आणि त्यात आपला हात आहे हेही. महाकालाचं आजचं मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी बांधवलं. श्रावणातल्या दर सोमवारी महाकाल पालखीत बसून प्रजेची विचारपूस करायला निघतात. दुपारी चारच्या सुमारास मंदिराच्या दारात सशस्त्र पोलीस त्यांना सलामी देतात आणि पालखी रामघाटाकडे निघते. आता इथला श्रावण उत्तरेचा, म्हणजे पौर्णिमेला संपणारा. आपला श्रावण त्यापुढे पिठोरी अमावास्येपर्यंत चालतो. शिंदेशाहीत या दोन पंचांगांत भांडण लावण्याऐवजी दोन्ही महिने पाळायचं ठरलं असावं, कारण सवारी राखीपौर्णिमेनंतरही आपला श्रावण सरेपर्यंत निघत राहते. मराठी माणसानं वाद न घालता मिटवलेलं इतिहासातलं हे बहुधा एकमेव प्रकरण. शेवटची सवारी सर्वांत मोठी. तिला पिढ्यान्‌पिढ्या शाही सवारी म्हणत आले, २०२४ पासून सरकारी कागदावर ती राजसी झाली. नाव बदललं म्हणून भोंपूचं वजन काही कमी झालं नाही.

या सवारीत पोलिसांचा बँड असतो, भजनी मंडळं असतात, झांजा असतात, आणि शेवटच्या सवारीत गावातले खाजगी बँडही असतात. २०२४ च्या श्रावणात साडेतीनशे जणांचा पोलीस बँड सवारीत उतरला होता, आणि त्याच्या पुढच्या सोमवारी पंधराशे लोकांनी एकदम डमरू वाजवून गिनीज बुकात नाव लावलं. पंधराशे डमरूंपुढे भोंपूची काय कथा? पण भोंपूवाल्यांना याचं वैषम्य नाही. डमरूला नळी नसते, त्यामुळे ते त्याला वाद्यांत धरत नाहीत.

पालखी रामघाटावर शिप्रेच्या पाण्यानं अभिषेक घेऊन कार्तिक चौक, ढाबा रोड करत छत्री चौकात येते. तिथं बायजाबाई शिंद्यांनी बांधलेलं गोपाळ मंदिर आहे. हर आणि हरीची गाठ पडते, आरती होते, आणि पुढचे सगळे बँड जिथल्या तिथं खोळंबतात. क्लॅरिनेटवाले चहाला पळतात, कारण त्यांचं वाद्य काखोटीत मावतं. भोंपूवाल्यांना पळता येत नाही. ते दुकानांच्या ओट्यांपाशी टेकतात आणि आपोआप एकत्र येतात. त्या चौकात ओळखीच्या माणसाचं कापडाचं दुकान आहे. त्याच्या ओट्यावरून मी ही बैठक ऐकत आलो आहे. बोलणं अर्थात हिंदी-माळवीतलं, मी सोयीसाठी मराठी करून सांगतो.

बैठकीचे मानकरी साधारण ठरलेले. एक उस्ताद, जुन्या शहरातल्या बँडचे. केस पांढरे, मिशी मेंदीनं लाल, भोंपू पितळी, मेरठचा. एक देवासचा तरुण, हंगामापुरता उज्जैनच्या बँडात आलेला. त्याचा सूझाफोन फायबरचा, पांढरा. एक रतलामवाला, ज्याच्याकडे मांडीवर घेऊन वाजवायचं युफोनियम. आणि एक पोलीस बँडातले हवालदारसाहेब, ज्यांचा ट्यूबा सरकारी. हवालदारसाहेब या घोळक्यात उभे असतात, पण ‘आपण यांच्यातले नाही’ हे कळावं इतकं अंतर राखून.

सुरुवात नेहमी वजनानं होते.

“भिया, किती किलोचा?” देवासवाला विचारतो. उत्तर त्याला माहीत असतं.

“तोललेला नाही,” उस्ताद म्हणतात. “बाप तोलत नाहीत.”

पितळी सूझाफोन तेरा किलोपासून वीसच्याही पुढे जातो. फायबरचा दहाच्या आसपास. देवासवाला म्हणतो, चार तास चालायचं तर हलकं बरं. उस्ताद म्हणतात, हलकंच बरं तर पिपाणी वाजव. मग पितळेतून आवाज कसा ‘पिकून’ येतो आणि फायबरमधून कसा ‘कच्चा’ येतो, यावर त्यांचं प्रवचन होतं. देवासवाला शांतपणे एकच गोष्ट करतो. आपल्या भोंपूवर बोटानं टकटक वाजवतो आणि म्हणतो, “पोचा पडत नाही.” उस्तादांच्या वाद्यावर पोचे मोजायला बसलं तर आरती संपायची. यावर उस्ताद म्हणतात की प्रत्येक पोचा कुठल्या घराच्या लग्नात पडला ते मी सांगू शकतो, आणि सांगायला लागतातच. हा नगरकोट की राणीच्या बाजूच्या वरातीत, विजेच्या खांबाला. हा फ्रीगंजात, नवऱ्याची घोडी बिथरली तेव्हा. हा कोणाचा ते मात्र ते सांगत नाहीत, नुसता हात फिरवतात. देवासवाल्याला हे ऐकून वाईट वाटतं, कारण फायबरला आठवणी राहत नाहीत.

मग लांबी. इथं हवालदारसाहेब पहिल्यांदा तोंड उघडतात, कारण त्यांनी प्रशिक्षण घेतलेलं आहे. सूर जितका खाली न्यायचा तितकी नळी लांब, आणि एक सप्तक खाली उतरायचं तर नळी थेट दुप्पट. रतलामवाल्याच्या युफोनियमची नळी उलगडली तर नऊ फूट भरते. मोठ्या ट्यूबाची अठरा. मधला एक प्रकार आहे, तो तेरा फुटांच्या आसपास. देवासवाल्याचा भोंपू हा मधला प्रकार आहे असं हवालदारसाहेबांचं निदान. देवासवाल्याला ते मान्य नाही. तो म्हणतो, दुकानदारानं अठरा सांगितले होते. उस्ताद म्हणतात, दुकानदार नळीचे पैसे घेतो, फुटांचे नाही. आता भर सवारीत नळी उलगडून मोजणार कोण? त्यामुळे हा वाद पुढच्या श्रावणावर जातो, आणि पुढच्या श्रावणात तिथूनच सुरू होतो.

मला यात विशेष वाटतं ते रतलामवाल्याचं. नऊ फुटांच्या माणसानं अठरा फुटांच्या माणसांत कसं बसावं याचा तो आदर्श आहे. त्याचं म्हणणं एकच, “माझ्या वाट्याला कधी कधी गाणं येतं.” खरंच येतं. युफोनियमला मध्येच एखादी ओळ मिळते. हे वाक्य त्यानं उच्चारलं की बाकीचे तिघं एकदम गप्प होतात आणि मग कोणीतरी तेलाचा विषय काढतो.

तेलाआधी थोडं घराण्याविषयी. ट्यूबाचा जन्म बर्लिनचा. प्रशियाच्या लष्करी बँडांचे प्रमुख विल्हेल्म वीप्रेख्त आणि वाद्यं बनवणारे योहान गोटफ्रीड मोरित्झ यांनी १२ सप्टेंबर १८३५ रोजी त्याचं पेटंट घेतलं. त्यापूर्वी युरोपातल्या बँडांत खर्ज धरायला सर्पंट नावाचं वाद्य असे. लाकडाचं, वरून कातडं मढवलेलं, आणि नावाप्रमाणे खरोखरच सापासारखी वळणं घेतलेलं. म्हणजे भोंपूचे पूर्वज नाग. पुढे १८९३ साली अमेरिकेत जे. डब्ल्यू. पेपर यांच्या कारखान्यात जॉन फिलिप सूझा या बँडमास्तरांच्या सूचनेवरून जो प्रकार तयार झाला, तो सरळ गळ्यात आणि अंगाभोवती वेटोळं घालूनच बसला. महाकालाच्या गळ्यात एक नाग आणि त्यांच्या सवारीत वाजवणाऱ्याच्या गळ्यात दुसरा, हे मला फार शोभून दिसतं. मंदिराच्या तिसऱ्या मजल्यावरचा नागचंद्रेश्वर वर्षातून एकदाच, नागपंचमीला दर्शन देतो. हा दुसरा नाग मात्र तुळशीच्या लग्नापासून पुढे जिथं आगाऊ रक्कम मिळेल तिथं दर्शन देतो.

सूझांच्या त्या पहिल्या वाद्याचं तोंड आकाशाकडे होतं. अमेरिकेत त्याला पाऊस झेलणारं म्हणून चिडवत. पुढे ते तोंड समोर वळवण्यात आलं. आमच्या सवारीचे दिवस श्रावणाचे, त्यामुळे तोंड समोर असलं तरी पाऊस तिरपा येऊन हिशेब पुरा करतो. शिवाय समोर वळलेल्या तोंडात श्रद्धाळू माणसं काय काय टाकतात! पालखीवर उधळलेली फुलं, बेलाची पानं, एकदा केळ्याची साल. उस्तादांचं म्हणणं, बेलपत्र आत गेलं तर सूर गोड होतो. हवालदारसाहेबांचं म्हणणं, आत काहीही गेलं तर अहवाल द्यावा लागतो.

आणि मराठी माणूस आहे, त्यामुळे कुठल्याही इतिहासात आपला एक राजा सापडल्याशिवाय चैन पडत नाही. तो आहे. तंजावरचे दुसरे सरफोजी महाराज. १७९८ ते १८३२ गादीवर होते आणि दरबारात त्यांनी इंग्रजी पद्धतीचा बँड ठेवला होता. दुर्दैव एवढंच, की राजे १८३२ साली गेले आणि ट्यूबा आला १८३५ साली. तीन वर्षं आणखी निघाली असती तर ट्यूबा वाजवणारा पहिला हिंदुस्थानी माणूस बहुधा मराठी बोलत असता, आणि मग आपण त्याच्यावर दर वर्षी व्याख्यानमाला भरवली असती.

उस्तादांना यातलं काही मान्य नाही. त्यांच्या लेखी भोंपू मेरठला जन्मला. हे अगदीच चूक म्हणता येत नाही. मेरठच्या जली कोठी भागात बँडची वाद्यं पिढ्यान्‌पिढ्या घडतात, आणि नादिर अली यांची कंपनी तर १८८५ पासूनची. देशभरातल्या वरातींचा श्वास त्या एका मोहल्ल्यातल्या नळ्यांमधून जातो. उस्ताद तरुणपणी स्वतः तिथं जाऊन वाद्य घेऊन आले. रेल्वेच्या जनरल डब्यात. भोंपूला जागा मिळाली, त्यांना मिळाली नाही.

आता तेल. पिस्टन अडकू नयेत म्हणून त्यांना तेल लागतं. उस्ताद शिलाई मशीनचं घालतात. देवासवाला खोबरेल घालतो, आणि थंडीत ते गोठलं की लग्नाच्या पहिल्या तासाला त्याचा एकच सूर निघतो. तो म्हणतो, कोणाच्या लक्षात येत नाही. रतलामवाल्याचं मत, तेल लागतच नाही, वाजवत राहिलं पाहिजे. हवालदारसाहेबांना तेल सरकारातून मिळतं. मागणीपत्र, मंजुरी, पावती. त्यांचा ट्यूबा रजिस्टरात चढवलेला आहे, त्याला क्रमांक आहे, आणि त्याला पोचा पडला तर तो कोणत्या परिस्थितीत पडला याचं लेखी निवेदन द्यावं लागतं. “म्हणजे तुमच्या भोंपूची नोकरी पक्की,” उस्ताद म्हणाले, “आमच्यासारखी रोजंदारी नाही.” हवालदारसाहेब हसले नाहीत. वर्दीत हसण्याचीही बहुधा मागणी करावी लागत असावी.

चकाकीचा मुद्दा निघाला की मी ओट्यावरून तोंड घालतो. आमच्या मराठी घरांत देवघरातली पितळ पितांबरीनं घासतात, ते मी सांगून पाहिलं. उस्तादांनी चिंचेची बाजू घेतली. चिंच आणि राख, असं ते ठासून म्हणाले, आणि तुमच्या पावडरीनं पत्रा झिजतो असा शेराही मारला. आमच्या आजीनंही पितांबरीबद्दल अगदी हेच म्हटलं असतं. देवासवाला ओल्या फडक्यानं पुसतो. त्याला या सभेत बोलायला काही उरलं नाही.

मिशी हा सगळ्यांत नाजूक विषय. फुंकायच्या वाटीची कड वरच्या ओठावर जिथं टेकते, तिथंच मिशी असते. उस्ताद म्हणतात, मिशीनं वाटी घट्ट बसते, हवा निसटत नाही. हवालदारसाहेब म्हणतात, मिशीमुळेच निसटते. रतलामवाल्यानं मिशी काढून बघितली, तर बायकोनं आवाजातला फरक नव्हे, तोंडातला फरक सांगितला, आणि प्रयोग तिथंच थांबला. मिशीनंतर दात. पुढचे दोन दात गेले की ओठाला आधार राहत नाही. उस्तादांना खाली कवळी आहे. कवळी लावून वाजवावं की काढून, यावर त्यांचा स्वतःचा शोध आहे. लग्नात लावून, कारण फोटो निघतात. सवारीत काढून, कारण देव आतलं बघतो.

दमाचं गणित मात्र चौघांचंही एक आहे. खर्जाला हवा फार लागते. पोहे-जिलेबी खाऊन फुंकता येत नाही, रिकाम्या पोटीही येत नाही. अर्ध्या तासापूर्वीचा एक चहा आणि एक कचोरी, हे प्रमाण. यावर मी त्यांना शिकागोच्या अर्नोल्ड जेकब्सची गोष्ट सांगितली. हे गृहस्थ १९४४ ते १९८८ शिकागो सिंफनीत ट्यूबा वाजवत होते, जगभरचे वादक श्वास कसा घ्यावा हे शिकायला त्यांच्याकडे जात, आणि त्यांची स्वतःची फुप्फुसं सर्वसाधारण माणसापेक्षा कमी हवेची होती. त्यांचा यॉर्क कंपनीचा जुना ट्यूबा इतका नावाजला, की यामाहासारख्या बड्या कंपन्यांनीही तसाच बनवायचा प्रयत्न केला. उस्तादांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “चालत वाजवायचे?”

“नाही. खुर्चीत बसून.”

“मग हवा कमी असली तरी भागतं.” विषय संपला.

आणखी एक बातमी माझ्याकडे होती. मे महिन्याचा पहिला शुक्रवार हा आंतरराष्ट्रीय ट्यूबा दिवस म्हणून पाळतात. १९७९ पासून. देवासवाल्याचे डोळे चमकले. उस्तादांनी बोटांवर मोजून सांगितलं, की आखातीज, म्हणजे आपली अक्षय्यतृतीया, त्याच सुमारास येते, लग्नं तोंडावर असतात, त्या दिवशी कुठल्या शहाण्या भोंपूवाल्याला सवड आहे? ज्यांना सवड असते ते दिवस पाळतात.

१९५४ साली मात्र भोंपूच्या इतिहासात काहीतरी शिजत होतं. लंडनमध्ये व्हॉन विल्यम्स या संगीतकारानं ट्यूबासाठी कॉन्चेर्टो लिहिला, म्हणजे ज्या वाद्याला जन्मल्यापासून मागे उभं केलं होतं त्याला एकशे एकोणीस वर्षांनी सगळ्या ऑर्केस्ट्रापुढे बसवून गाणं दिलं. आणि त्याच वर्षी मुंबईत ‘नागिन’ आला. हेमंतकुमारांचं संगीत, पुंगीचा आवाज कल्याणजींनी क्लेव्हायोलिनवर काढलेला. लंडनच्या त्या रचनेनं आमच्या भोंपूवाल्यांचं काहीही भलं केलं नाही. पण नागिनच्या धुनेवर गेली सत्तर वर्षं हिंदुस्थानातले काके-मामे रस्त्यावर लोळत आहेत, आणि त्या लोळण्याला खालून जो टेकू लागतो तो भोंपूचा. सर्पंटच्या वंशजाला शेवटी काम मिळालं ते नागिनीपाशीच. त्यात त्याचे सूर किती? उस्तादांनी वाजवून दाखवले. दोन.

या बैठकीत एक प्रश्न कोणी कोणाला विचारत नाही. ‘तुमचा वाजतो का?’ कारण आता पुष्कळ बँडांत दोन भोंपू असतात, त्यातला एक वाजतो आणि दुसरा चालतो. फोटोत दोन्ही बाजूंना पितळ दिसावी म्हणून मालक एखाद्या पोराच्या गळ्यात तो अडकवतात आणि गाल फुगवायला सांगतात. बेसचं खरं काम गाड्यावरचा कॅसिओ करतो, आणि त्याच्या पुढे डीजे. डीजेची धडधड छातीत शिरते ती कोणाला न विचारता. भोंपूची तऱ्हा वेगळी. तो माणसाच्या श्वासावर चालतो, म्हणून माणसासारखा मधूनमधून थांबतो, आणि त्या थांबण्यात शेजारच्या घरातलं बाळ झोपून जातं. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य प्रदेशात भोंग्यांच्या आवाजावर सरकारी बंधनं आली तेव्हा देवासवाल्याला वाटलं होतं की आपले दिवस फिरले. उस्तादांनी त्याला समजावलं, “तार नसलेल्या भोंग्याला कोणी बंद करत नाही, आणि चालूही करत नाही.”

या वर्षी आरती जरा लांबली, त्यामुळे गोष्ट प्रात्यक्षिकापर्यंत गेली. देवासवाला उस्तादांना म्हणाला, एकदा तुमच्या पितळेतून फुंकू द्या. भोंपू बहुतेकदा मालकाचा असतो, पण फुंकायची वाटी वादकाची स्वतःची. ती खिशात, रुमालात गुंडाळून ठेवतात, दुसऱ्याची तोंडाला लावत नाहीत. उस्तादांनी आपली वाटी काढली, देवासवाल्यानं आपली बसवली. तिचं टोक किंचित बारीक होतं. ते जास्तच आत गेलं. त्यानं फुंकलं, आणि मी सांगतो, त्या पोराच्या चेहऱ्यावर जे आलं ते फायबरवर कधी आलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यानं सूर धरून ठेवला. हवालदारसाहेबांनी नकळत मान हलवली.

मग त्यानं वाटी काढायला हात घातला. निघेना. फिरवून झाली, रतलामवाल्यानं चप्पल मारून बघितली, उस्तादांनी शिलाई मशीनचं तेल सोडलं, हवालदारसाहेबांनी सांगितलं की अशा वेळी एक विशिष्ट अवजार लागतं आणि ते मुख्यालयात आहे. तेवढ्यात पुढे शिट्टी झाली, पालखी उचलली गेली, क्लॅरिनेटवाले धावत आले. उस्तादांनी देवासवाल्याची वाटी तशीच तोंडाला लावली. देवासवाल्यानं उस्तादांची वाटी आपल्या पांढऱ्या भोंपूत खोचली. ती पुरती आत जाईना, म्हणून सांध्यावरून रुमालाचा एक वेढा दिला. आणि दोघं पटनी बाजाराकडे वळले.

दुसऱ्या आठवड्यात देवासवाला वाटी परत न्यायला उज्जैनला आला. उस्तादांनी चहा पाजला, कचोरी खिलवली, आणि सांगितलं की अजून निघत नाही. ओट्याच्या मालकाकडून, त्या कापडवाल्याकडून, मला कळलं ते असं, की ती दुसऱ्याच दिवशी निघाली होती. पण आवाज बरा लागतोय म्हणून उस्तादांनी ती पुन्हा ठोकून बसवली.